आपलेच सोलापूर, पाहुणे होऊन

वाचकहो, सोलापूरला आपण आजवर किती वेळा गेलो असू, याचा हिशेब कधी केला आहे का? आमच्या घरी एका संध्याकाळी तो निघाला. कांदा घेऊन मार्केट यार्डात, कोर्टाच्या तारखेला, दवाखान्यात, पोरांच्या दाखल्यासाठी, लग्नाच्या बस्त्याला, मोटारीचे सामान आणायला. मोजता मोजता आकडा शंभराच्या वर गेला. मग माझ्या धाकट्या मुलीने विचारले, "आई, नुसतं बघायला म्हणून कितीदा गेलीस?"

मी गप्प बसले. बघायला म्हणून एकदाही नाही.

हा विषय निघायला कारणही तसेच घडले होते. आमच्या नात्यातला एक मुलगा कंपनीच्या कामाने जपानला गेला होता. सुटीच्या दिवशी तो आणि त्याचे सोबती मिळून गाव पाहायला निघाले, त्याचे फोटो त्याने मोबाइलवर पाठवले. सकाळी एक जुने देऊळ, मग किल्ला, दुपारी काड्यांनी खायचा भात आणि मासे, संध्याकाळी बाजार. घरातल्या सगळ्यांनी फोटो पाहिले. शेवटी मोबाइल आमच्या थोरल्या आत्याबाईंच्या हाती गेला. आत्याबाई म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, वय सत्त्याहत्तर. त्यांनी डोळे बारीक करून एकेक फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन केलं काय, तर देऊळ बघितलं, किल्ला बघितला आन् जेवला. हे समदं सोलापुरातबी हाय की!"

बस्स, तिथेच ठरले. आमच्या बचत गटाच्या सात बायका, दोन बाप्ये आणि तीन पोरे अशी बारा जणांची सहल. पौष लागायला दोन दिवस होते, रब्बीची ज्वारी हुरड्यात आलेली, कांद्याची खुरपणी उरकलेली. एक दिवस घर सोडता येईल असा वर्षातला हाच काय तो काळ. सगळ्या जणी लगेच तयार झाल्या. तयार नव्हत्या त्या एकट्या आत्याबाई. ज्यांच्या बोलण्यावरून सहल निघाली, त्याच म्हणू लागल्या, "तुम्ही जावा. मी सोलापूरला न्हाई येत."

का, ते आम्हां सर्वांना ठाऊक होते. बावीस वर्षांपूर्वी आमचे थोरले मामंजी आजारी पडले, तेव्हा आत्याबाई त्यांच्याबरोबर सोलापूरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस होत्या. विसाव्या दिवशी त्या जीपमधून परत आल्या त्या एकट्याच. तेव्हापासून त्यांनी सोलापूरचे नाव टाकले होते. पण पोरांनी हट्ट धरला, आणि पोरांपुढे आत्याबाईंचे काही चालत नाही.

सकाळची एसटी

खर्चाची धास्ती कोणी बाळगू नये म्हणून आधीच सांगते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आधारकार्ड तेवढे जवळ ठेवावे. कंडक्टरने आत्याबाईंना शून्य रकमेचे तिकीट फाडून दिले, तेव्हा त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधून ठेवले.

तुळजापूरकडून सोलापूरला येताना रस्त्याच्या कडेला हिप्परग्याचे तळे लागते. यालाच एकरूखचे तळे म्हणतात. आदिला नदी अडवून इंग्रजी अमलात १८७० च्या सुमारास हे बांधले. आपण दर खेपेला त्याच्या काठाने जातो आणि डुलक्या घेत जातो. त्या दिवशी मात्र पोरांनी खिडक्या उघडल्या. आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाऊस पडतो साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा मुलखात कोणी तळे बांधले तर त्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या राहते. आज सोलापूर शहर उजनीचे, भीमेचे आणि या तळ्याचे पाणी पिते. पण या गावाला पाण्याचे महत्त्व पहिल्यांदा सांगितले ते इंग्रजांनी नव्हे. ते कोणी सांगितले, हे आम्हांला तासाभरात दिसणार होते.

सिद्धरामेश्वरांचे तळे

स्टँडवरून आम्ही थेट सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. चहूबाजूंनी तळे आणि मध्ये देऊळ. सकाळचे ऊन पाण्यावर पडले होते.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर होऊन गेले. महात्मा बसवेश्वरांच्या काळातले हे शिवयोगी. तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, कन्नडमध्ये वचने रचली. पण शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे असे त्यांचे काम म्हणजे हे तळे. लोकांना हाताशी धरून, घाम गाळून त्यांनी ते खोदवले. देवाचे काम आणि पाण्याचे काम त्यांनी वेगळे मानले नाही. आपण आज गावोगाव शेततळी आणि नाला खोलीकरण करतो, त्याची वडिलोपार्जित परंपरा इथे आहे. त्यांची समाधीही याच आवारात आहे.

दर वर्षी संक्रांतीला इथे गड्ड्याची यात्रा भरते. तिची कथा पोरांना सांगितली, तुम्हांलाही सांगते. एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन असा हट्ट धरला. ते तर विरक्त. मग त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला तिला अनुमती दिली. त्या लग्नाची आठवण म्हणून सात उंच नंदीध्वज मिरवत आणतात. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम. बाराबंदी घातलेले मानकरी आणि अक्षता टाकायला लाखो माणसे. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे त्या लग्नाचे वऱ्हाडी.

आत्याबाई देवाला हात जोडून पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "त्या वेळी एकोणीस दिस हितं जवळच होते मी. एकदाबी देवाकडं आले न्हाई. येळच न्हाई गावला." मग थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. आम्हीही घाई केली नाही.

किल्ला आणि चार पुतळे

देवळाला लागूनच भुईकोट किल्ला आहे. डोंगरावरच्या किल्ल्यासारखी चढण नाही, त्यामुळे म्हातारी माणसेही सुखाने फिरतात. बहामनी काळात हा बांधला गेला. दुहेरी तटबंदी, मोठमोठे बुरूज आणि खंदक. आत गेलात की जुन्या देवळाचे कोरीव खांबही दिसतात. तटावर उभे राहिलो की एका बाजूला तळे आणि देऊळ, दुसऱ्या बाजूला सारे शहर.

या किल्ल्यासाठी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडत होत्या. शेवटी हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी हिचे लग्न अली आदिलशहाशी लावून दिले, तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण दिला. हे ऐकून आमच्या गटातली एक वहिनी म्हणाली, "मला माझ्या बापानं एक म्हैस दिली होती, तीबी भाकड निघाली!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. पुढे किल्ला मोगलांकडे, मग पेशव्यांकडे आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला.

किल्ल्याजवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. रिक्षावाले 'चार पुतळे' म्हणतात आणि आपणही म्हणतो. पण ते चौघे कोण, हे आमच्या बारा जणांपैकी एकालाही नीट सांगता येईना. मनात लाज वाटली. म्हणून नावे इथे लिहिते, घरात मोठ्याने वाचावीत: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे.

१९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली. सोलापूरचा गिरणी कामगार आणि सामान्य माणूस रस्त्यावर आला. ८ मे रोजी गोळीबार झाला, लोक खवळले, आणि ९ ते ११ मे असे तीन दिवस इंग्रज सरकारचा अंमल या शहरातून उठला होता. गावचा कारभार गावकऱ्यांनी पाहिला. १२ मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला, तो जूनअखेरपर्यंत चालला. त्यानंतर या चौघांवर खटले भरले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. जगले वेगवेगळ्या घरांत, आणि गेले एकाच सकाळी.

पोरांनी चारी पुतळ्यांपुढे एकेक झेंडूचे फूल ठेवले. फुले देवळातून आणलेली होती.

चीनची माणसे जिथे येतात ते घर

तिथून रिक्षाने भैय्या चौकात गेलो. इथे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आहे. महापालिकेने ते दुरुस्त करून २०१२ साली तिथे स्मारक उघडले. आम्ही आधी विचारून ठेवले होते, तुम्हीही वेळ विचारूनच जावे.

डॉक्टर कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, याच सोलापुरातला. मुंबईला शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. चीनच्या खेड्यापाड्यांत माणसे जखमी होऊन पडत होती आणि डॉक्टर मिळत नव्हते. चीनने हिंदुस्थानकडे मदत मागितली. आपण स्वतः पारतंत्र्यात; तरी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी ते पाच जण. चोळकर नागपूरचे, कोटणीस आपल्या सोलापूरचे.

तिकडे गेल्यावर वडील वारल्याची बातमी आली, तरी कोटणीस परतले नाहीत. आघाडीवर डोंगराळ मुलखात, औषधांचा तुटवडा असताना ते शस्त्रक्रिया करीत राहिले. चिनी भाषा शिकले. १९४१ साली तिथल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. को चिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. तो मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर कोटणीस फेफऱ्याच्या विकाराने वारले. वय अवघे ३२. चीनमध्ये शिजियाजुआंग येथे त्यांची समाधी आहे. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो जुन्या माणसांना आठवत असेल.

आजही चीनमधून पाहुणे भारतात आले की कोटणीसांची आठवण काढतात, आणि कित्येक जण वाट वाकडी करून या घराला भेट देतात. वाचकहो, नीट ध्यानात घ्या. हजारो मैलांवरून माणसे जे घर पाहायला येतात, त्याच्यावरून आपण ज्वारीची पोती घेऊन, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन शंभर वेळा गेलो, आणि मान वळवून पाहिले नाही.

आत्याबाईंनी भिंतीवरच्या फोटोंपैकी एका फोटोपुढे बराच वेळ उभे राहून विचारले, "ह्याची आई तवा हितंच होती का गं?" मी म्हटले, "असतील, आत्याबाई." त्या म्हणाल्या, "मग तिचं बरं झालं म्हणायचं का वाईट? माझा माणूस तरी माझ्या डोळ्यांपुढं गेला." त्यावर कोणी काही बोलले नाही. बावीस वर्षांत त्या दिवसाविषयी त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले वाक्य.

जेवण: आपलेच, पण पैसे देऊन

आता भुका लागल्या होत्या. पोरांचा आग्रह होता की हॉटेलात काहीतरी 'वेगळे' खावे. एका रिक्षावाल्या दादांनी साध्या खानावळीत नेऊन सोडले. ताट समोर आले आणि सगळ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ताटात होती कडक भाकरी, शेंगांची चटणी, पुंडीची भाजी, पातळ आमटी, कांदा आणि शेवटी शेंगापोळी. म्हणजे आपल्या घरचेच!

पण खाताना कळले की नीट करणाऱ्याच्या हातची गोष्ट निराळी. कडक भाकरी ही सोलापूरची खूण. पीठ गरम पाण्यात मळून भाकरी पातळ करायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर पापडासारखी कडकडीत होईस्तोवर वाळवायची. तिच्यात पाण्याचा अंश राहत नाही, म्हणून ती दिवसच्या दिवस टिकते. पूर्वी यात्रेला, गाडीवाटेने लांब जायला हीच शिदोरी असे. चुरून दुधात घाला, नाहीतर आमटीत बुडवा.

शेंगांची चटणी दुसरी. भाजलेले दाणे, लसूण, जिरे, मीठ आणि तिखट उखळात घालून कुटायचे, आणि दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचे. मिक्सरमध्ये दाण्याचा भुगा होतो, उखळात त्याचा गोळा होतो. चवीतला फरक तिथेच पडतो. पुंडी म्हणजे आपली अंबाडी, हे नाव कन्नडचे. सोलापूरच्या ताटात अशा तीन भाषा एकत्र येतात.

शेजारच्या बाकावर पुण्याहून आलेले एक कुटुंब बसले होते. त्यांनी भाकरीची चार पाकिटे बांधून घेतली आणि आम्हांला विचारले, "ही ज्वारी कुठली हो?" आमचे भाऊजी ताठ बसून म्हणाले, "मालदांडी. आमच्याकडचीच."

खरे होते ते. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात गावरान मालदांडीतून निवडून काढलेले. इतक्या वर्षांत किती नवी वाणे आली, तरी भाकरीला मालदांडीच हवी असे लोक म्हणतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काळी खोल जमीन, परतीच्या पावसाची ओल आणि थंडी, एवढ्यावर हे पीक येते. तरी आपण काय करतो? पाहुणे आले की घाईघाईने गव्हाच्या पोळ्या लाटतो आणि भाकरीची टोपली झाकून ठेवतो. उजनी १९८० साली पुरी झाली, पाणी आले, आणि जिथे पाणी पोचले तिथे ऊस आला. उसाला मी नावे ठेवत नाही, आमच्याही घरी एक एकर आहे. पण ज्या भाकरीची आपल्याला लाज वाटते, ती पुण्याचा माणूस पैसे देऊन पाकिटात बांधून नेतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर विचार करावाच लागतो. आमच्या गटाने परतीच्या वाटेवर तो केलाही. त्याविषयी शेवटी सांगते.

मागाचा खडखडाट

दुपारनंतर आम्ही पूर्व भागात गेलो. इथल्या गल्ल्यांतून चालू लागलो की घराघरांतून खट्-खट्, खट्-खट् असा आवाज येतो. ही पद्मशाली विणकरांची वस्ती. यांचे वाडवडील तेलंगणातून पोटासाठी इकडे आले. घरात तेलुगू, बाजारात मराठी. मार्कंडेय हे त्यांचे दैवत. नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो. ओसरीवर कित्येक बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या दिसल्या. बोटे चालूच, आणि तोंडाने पोरांना ओरडणेही चालूच.

सोलापूरची पहिली मोठी कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. तिला 'जुनी मिल' म्हणत. मग आणखी गिरण्या आल्या, भोंग्यावर शहर उठू-झोपू लागले. आपल्या दुष्काळी खेड्यांतली किती माणसे त्या गिरण्यांनी जगवली याची गणती नाही. आमच्या सासरचे एक आजोबाही तिथे साच्यावर होते. पुढे त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. उरले ते हे छोटे कारखाने.

एका कारखानदार काकांनी आम्हांला आत बोलावून माग दाखवला. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ फिरत असते. त्याला जेकार्ड म्हणतात. पुठ्ठ्यात जिथे भोक तिथला धागा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला खालीच राहतो. मधून धोटा धावतो. अशी ओळीमागून ओळ विणत फूल, मोर, नक्षी उमटते. म्हणजे नक्षी आधी पुठ्ठ्यावर, मग कापडावर. चादरीची सुलट बाजू पाहा, मग उलटून पाहा. तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन पाठीवरही दिसते. दोन्ही अंगांनी पांघरावी अशी ही चादर.

सोलापुरी चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. तरी काका सांगत होते, "ताई, बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो. तो स्वस्त पडतो. आमच्याकडं चादरीचे माग कमी झाले, टॉवेलवर आम्ही टिकून आहोत. पोरगं म्हणतं, मला हे काम नको." कांद्याचा भाव पडल्यावर आपल्या घरात जे बोलणे होते, तेच बोलणे मागाच्या शेजारी ऐकले. शेतकरी आणि विणकर यांचे दुखणे एकच आहे: राबणारा एक, नाव दुसऱ्याचे.

आत्याबाई एका घडी घातलेल्या चादरीवर हात फिरवत होत्या. मग काकांच्या कारभारणीला म्हणाल्या, "बावीस वर्सांखाली दवाखान्याच्या बाहीर थंडीत एक चादर घेतली होती, आमच्या ह्यांच्यासाठी. लाल, मोराची. ती अजून हाय. अजून फाटली न्हाई." त्या बाईंनी विचारले, "कुठं घेतलीवती आज्जी?" आत्याबाई म्हणाल्या, "रस्त्यावर एक जण इकत होता. तुमच्याकडचीच आसंल." दोघी जणी थोडा वेळ हातात हात घेऊन बसल्या. कारभारणींनी आम्हां सर्वांना चहा दिला.

निघताना आत्याबाईंनी एक नवी चादर घेतली. हिरवी, मोराचीच. पैसे कोणाला देऊ दिले नाहीत.

परत येताना

दिवस मावळायला आम्ही तुळजापूर नाक्याकडे निघालो. वाटेत गर्दी दिसली म्हणून थांबलो. गड्डा जवळ आलेला, त्यामुळे नंदीध्वज पेलण्याचा सराव चालला होता. एक तरुण उंच काठीचा तोल सांभाळत पावले टाकत होता, बाकीचे त्याच्याभोवती हात सरसावून चालत होते. तोल गेलाच तर सावरायला. पोरे बघतच राहिली.

एसटीत बसलो तेव्हा सगळ्यांच्या पिशव्या भरल्या होत्या. चटणी, कडक भाकरीची दोन पाकिटे, टॉवेल. आमच्या गटातली वहिनी पाकीट उलटसुलट करून म्हणाली, "एवढी पातळ तर मीबी करते." तिथून बोलणे निघाले ते गाव येईपर्यंत संपले नाही. चुली कुणाकडे, ज्वारी किती लागेल, वाळवायला जागा कुठली, विकायची कुठे. अजून पक्के काही ठरलेले नाही. पहिल्या खेपेला अर्धा क्विंटल मालदांडी वेगळी काढून ठेवायची, एवढे ठरले आहे.

आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या. हिप्परग्याचे तळे अंधारात गेले होते. मी विचारले, "दमलात का?" त्या म्हणाल्या, "दमले. पर पुढल्या साली गड्ड्याला यायचं. अक्षता टाकायच्या हायत."

वाचकहो, ज्यांना जायचे त्यांच्यासाठी दोन शब्द. दिवाळी ते संक्रांत हा काळ बरा, उन्हाळ्यात किल्ल्यात उन्हाने जीव जातो. सकाळी लवकर निघावे, प्यायचे पाणी बरोबर असावे, आधारकार्ड विसरू नये. स्मारक उघडे आहे ना, ते आधी विचारावे. चादर घेताना उलटी-सुलटी करून पाहावी, हातात धरून वजन पाहावे, आणि जमल्यास विणणाऱ्याच्या दारातच घ्यावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मागे ठेवू नये. ज्याने ते गाव फक्त दुखण्याखुपण्यात पाहिले असेल, त्याला तर आधी न्यावे.

सोलापूर नसेल तर तुमच्या जवळचे जे शहर असेल ते. लातूर असो, सांगली असो की बार्शी. जिथे आपण फक्त अडचणीपायी जातो, तिथे एकदा काहीही काम नसताना जाऊन या. पोरांना बरोबर घ्या आणि वाटेतल्या पुतळ्यांची नावे आधी पाठ करून ठेवा.